दहा शेअरचा तपासनीस

"दाखवा."

नमस्कार नाही, रामराम नाही, पाऊसपाण्याची चौकशी नाही. बरोबर अकरा वाजता आमच्या कचेरीच्या दारात चपला निघतात, भिंतीला समांतर लावल्या जातात, आणि नामदेवआण्णा माझ्या टेबलासमोर येऊन हा एकच शब्द बोलतात. मी कपाट उघडतो, दोन जाडजूड फायली काढतो आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटतो. आपटायला हरकत नाही. कायद्यात दाखवा म्हटलंय, हळू ठेवा म्हटलेलं नाही. मग आण्णा काखेतली चपटी उशी लोखंडी खुर्चीवर ठेवतात, दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवतात आणि एक वाजेपर्यंत वाचत बसतात. रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज. गेली दोन वर्षं.

बरं, वाचतात काय? पोथी नव्हे, पेपर नव्हे. आमच्या कंपनीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि सभासदांचं रजिस्टर. हे दोन्ही ग्रंथ माझ्या हातचे आहेत, त्यामुळं खात्रीनं सांगतो, त्यांत वाचण्यासारखं काही नाही.

कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमची आहे शेतकरी उत्पादक कंपनी. बेंबळीहून फाट्याला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं गोदाम दिसतं, ती कंपनी. नाव सांगत नाही, उगाच चेअरमनचा फोन यायचा. आत सोयाबीन चाळायची एक मशीन, एक वजनकाटा, आणि गोदामाच्या पोटात पार्टिशन टाकून काढलेली खोली म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. चाळणीवर दहाबारा बायका कामाला असतात. प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं. कागदोपत्री मी इथला मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्यक्षात कुलूप मी उघडतो, झाडू मी मारतो, आणि चेअरमन आले की खुर्ची पुसतो. चेअरमन सहीपुरते येतात. सही झाली की पेन खिशाला लावून जातात, आणि ते पेन माझं असतं.

अशा या साम्राज्यात नामदेवआण्णांच्या मालकीचे शेअर किती? दहा! मोठमोठे बागाईतदार सभासद आहेत आमचे, त्यांतल्या एकालाही इतिवृत्त कशाशी खातात हे ठाऊक नाही. आणि हे दहा शेअरवाले रोज येऊन मालकासारखे बसणार.

कायदा मला आण्णांनीच शिकवला. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आण्णा, असं कुणालाही दप्तर दाखवता येत नाही." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचून दाखवला. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त सभासदाला फुकट बघता येतं, कंपनीच्या कार्यालयात, कामाच्या दिवशी. कंपनीला वेळेचं बंधन घालता येतं, पण रोजचे दोन तास तरी द्यावेच लागतात. नक्कल लेखी मागितली तर पानामागं ठरलेली फी घेऊन सात कामाच्या दिवसांत द्यावी लागते. सभासदांचं रजिस्टरही दाखवावं लागतं.

"दोन तास हे कमीत कमी हाय," आण्णा म्हणाले. "पण म्या जास्त मागत न्हाय."

काय उपकार!

चेअरमनला फोन केला तर ते हादरलेच. त्यांना वाटलं, म्हातारा हिशेबात शिरणार. म्हणाले, त्याला गोड बोल, चहा पाज आणि खर्चाची वही तेवढी लपव. मी आगाऊपणा करून उलटंच केलं. म्हटलं, बघू तर खरं याला काय पाहिजे, आणि खर्चाची वही आपणहून पुढं केली. आण्णांनी बोटाच्या टोकानं ती मागं सारली.

"हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा. सभासदाला हिशेबाची वही बघायचा हक्क न्हाय. जेवढा हक्क तेवढंच दाखवा."

आता अशा माणसाचं काय करायचं? चोर शोधायला आलेला माणूस समजू शकतो. हा तिजोरीकडं पाठ करून पाटी वाचत बसणारा निघाला.

त्यांच्या या खोडीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. आण्णा एसटीत होते. आधी कंडक्टर, मग तिकीट तपासनीस. आमच्या पट्ट्यातल्या जुन्या लोकांच्या अंगावर अजून काटा येतो. येरमाळ्याच्या घाटाखाली बाभळीच्या आडोशाला उभं राहायचं, एसटी दिसली की हात करून मधे यायचं, आणि आत चढून एकच शब्द म्हणायचा. दाखवा. तिकीट हरवलेली माणसं चालत्या गाडीतून उतरायला बघायची. "तीस वर्षांत एक बी केस सोडली न्हाय," हे आण्णांचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. खाकी शर्ट अजून तोच. जुनी एसटीची तिकिटं फायलीत खुणेला घालतात, त्यामुळं आमचं इतिवृत्त उघडलं की त्यातून पाच पैशाचं तिकीट खाली पडतं.

या गृहस्थांनी एकदा स्वतःच्या बायकोला पकडलं होतं. कौसाकाकू येडेश्वरीच्या यात्रेला निघाल्या होत्या. वाटेत बहिणीकडं उतरायचं म्हणून तिकीट अलीकडच्या फाट्याचं घेतलं, आणि बाईंना लागली डुलकी. फाटा गेला मागं. पुढं घाटाखाली हात करून आण्णा गाडीत चढले. एकेक तिकीट बघत बायकोपुढं आले आणि म्हणाले, "बाई, तिकीट दाखवा." अख्खी गाडी ओळखीची, सगळे हसायला लागले. कुणी म्हणालं, आण्णा, जाऊ द्या की, घरचंच माणूस हाय. आण्णांनी पावती फाडली. काकूंनी पदराची गाठ सोडली आणि दंड भरला. पुढं आठ दिवस घरी काकू त्यांना "साहेब, भाकरी वाढू का?" असं विचारत होत्या. हा किस्सा काकूच सगळ्यांना सांगायच्या आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. आण्णा बाजूला बसून म्हणायचे, "मग? चुकलं काय माझं?"

हे दहा शेअरसुद्धा मुळात काकूंचे. कंपनी निघाली तेव्हा मी आण्णांच्या दारात गेलो होतो. "असल्या कंपन्या लई बघितल्या," म्हणून त्यांनी मला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. चार दिवसांनी काकू एकट्या आल्या, शेळी विकून. दहा शेअर घेतले आणि वारस म्हणून नवऱ्याचं नाव लिहून दिलं. मग सव्वातीन वर्षांमागं काकू गेल्या. चार दिवस ताप आला, धाराशिवला नेलं, आणि तिथूनच गेल्या. वर्षभरानं आण्णा त्यांचं शेअर सर्टिफिकेट घेऊन कचेरीत आले. मी सभासद रजिस्टरात काकूंच्या नावापुढं लाल शाईनं 'मयत' लिहिलं आणि त्याखाली आण्णांचं नाव घातलं. असे हे सभासद झाले. झाले ते झाले, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दारात हजर.

मी त्यांना घालवायचे सगळे मार्ग करून बघितले. कपाटाची किल्ली हरवली म्हणून सांगितलं. आण्णा म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं असतं तर अडकलो असतो, म्हणून किल्ली सापडली. उन्हाळ्यात त्यांची खुर्ची पत्र्याच्या बाजूला सरकवली, जिथं पंख्याचं वारं पोचत नाही. आण्णांनी दुसऱ्या दिवसापासून ओला गमजा डोक्यावर ठेवला आणि वाचन चालू. चहा देऊन बघितला. "तपासणीत च्या घ्यायचा नसतो," म्हणाले. एकदा चेअरमन स्वतः समजूत घालायला आले. "आण्णा, घरी आराम करायचं वय हाय तुमचं." आण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "चेअरमन, मागच्या सभेच्या पान बेचाळीसवर तुमची सही ऱ्हायलीय. करता का आत्ता?" चेअरमननी मुकाट्यानं सही केली आणि माझं पेन घेऊन गेले.

कचेरीत मला ते 'मॅनेजरसाहेब, तुम्ही' म्हणतात. एक वाजून गेला, चपला पायांत गेल्या की मी 'बाळ्या' होतो. माझे वडील त्यांच्या बरोबरीचे. एकाच माणसाकडून एका मिनिटात बढती आणि बडतर्फी रोज मिळते मला.

आणि जाताना चिठ्ठी! रोज वहीचं अर्धं पान फाडून त्यावर दोष लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. सभासद क्रमांक अमुक, गाव वाशी लिहिलंय, माणूस पारगावचा आहे. पान बावीस, 'ठराव' शब्दात 'ठ' पुसट. पान सत्तेचाळीस, चहाचा डाग. हा डाग माझ्या हातून पडला होता, कबूल. पण आण्णांनी तो रोज लिहायला घेतला. 'पान ४७, चहाचा डाग, अद्याप कायम.' अहो, छापील पानावरचा डाग कुठं जाणार? शेकड्यानं चिठ्ठ्या जमल्या माझ्या ड्रॉवरमध्ये. मी त्यांच्या मागं लिहून किराणा आणायचो.

आता माझं इतिवृत्त कसं तयार होतं ते सांगायला हवं, कारण खरा घोटाळा तिथंच आहे.

सभा म्हणजे काय? गोदामात सतरंजी अंथरायची, बुंदी आणि भजी करायची, चेअरमननी भाषण करायचं. ठराव कोण मांडतो, अनुमोदन कोण देतो, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. सह्या तर मी नंतर मोटरसायकलवर गावोगाव फिरून गोळा करतो. पहिल्या सभेच्या वेळी शिकवायला आलेले एक साहेब म्हणाले होते, एखादी महिला अनुमोदक दाखवा, चांगलं दिसतं. सभेत उठून उभ्या राहिलेल्या बाई एकच, कौसाकाकू. म्हणून मी झोकात लिहिलं, 'सौ. कौसाबाई नामदेव माने यांनी उभे राहून अनुमोदन दिले.' 'उभे राहून' हा माझा खास शब्द. मला तो फार भारदस्त वाटला होता. पुढच्या वर्षापासून काय, गेल्या वर्षाचं इतिवृत्त कॉम्प्युटरवर उघडायचं, वर्ष बदलायचं, आकडे बदलायचे, छापायचं, फायलीत टॅगनं ओवायचं. अर्ध्या तासात सभा तयार.

या वर्षी दिवाळीनंतर आण्णांनी चिठ्ठीऐवजी अर्ज दिला. पान एकतीस, एकोणचाळीस आणि सत्तेचाळीस यांच्या खऱ्या नकला मिळाव्यात, फी भरायला तयार आहे, खाली सही. मी ती तीन पानं काढून बघितली. वाचता वाचता माझ्या तळपायाची आग मस्तकात नाही, मस्तकातली आग तळपायात गेली.

गेल्या तीन वर्षांच्या तीन सभा. तिन्ही पानांवर 'सौ. कौसाबाई नामदेव माने यांनी उभे राहून अनुमोदन दिले.'

बाई जाऊन सव्वातीन वर्षं झालेली. एका फायलीत मी स्वतःच्या हातानं लाल शाईत त्यांना मयत केलेलं, आणि शेजारच्या फायलीत दरसाल उभं केलेलं. त्यातल्या दोन सभांना आण्णा स्वतः हजर! सतरंजीवर पहिल्या ओळीत मांडी घालून बसलेले. आणि ही फाईल ते दोन वर्षं रोज वाचतायत. गाढवासारखा मी चहाच्या डागाला हसत होतो.

चेअरमनला सांगितलं. त्यांनी पाच मिनिटं मला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाले, "म्हातारा नकला घेणार, शिक्का मारलेल्या, आणि थेट तक्रार करणार. खोटं इतिवृत्त! माझी सही हाय त्यावर. पण मी अडकायच्या आधी तुला घरी बसवीन, ध्यानात ठेव. सात दिवस हायत ना? पानं बदल."

माझी मुलगी बारावीला. या पत्र्याच्या गोदामाशिवाय मला दुसरी भाकरी नाही. मी पानं बदलली. तीच वाक्यं, फक्त काकूंच्या जागी चेअरमनच्या भावजयीचं नाव. चेअरमननी नव्या सह्या केल्या. जुनी पानं फाडायला घेतली होती, पण चिठ्ठ्यांच्या ड्रॉवरमध्ये तशीच टाकली. भित्रा माणूस धड खोटंही करत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चपला निघाल्या.

"दाखवा."

मी फाईल हळू ठेवली. पहिल्यांदाच. तेवढ्यावरूनच त्यांना संशय यायला पाहिजे होता. आण्णांनी उशी ठेवली, चष्मा लावला आणि नेहमीसारखं सरळ पान सत्तेचाळीस काढलं. बराच वेळ ते पानाकडं बघत राहिले. मग पानावरून तळहात फिरवला.

"डाग कुठं गेला?"

मेलो! तीन पानं बदलली, सह्या बदलल्या, शिक्के बदलले, आणि चहाचा डाग पाडायचा विसरलो. रोजच्या रोज लेखी कळवलेला डाग!

"प-पुसला आण्णा," मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर मला आजही सुचत नाही.

आता वीज कोसळणार म्हणून मी खुर्चीचे हात धरले. आण्णांनी एकोणचाळीस काढलं. एकतीस काढलं. प्रत्येक पानावर एका ओळीखाली बोट नेलं आणि थांबले. मग फाईल बंद केली, चष्मा काढला आणि उठले. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. चिठ्ठी नाही, 'एक बी केस सोडली न्हाय' नाही, काही नाही. उशी खुर्चीवरच राहिली. चपला घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

चेअरमनला कळवलं तर ते खूश. म्हणाले, पुरावाच गेला, आता काय करतोय म्हातारा. मीही खूश झालो. हे कबूल करायला लाज वाटते, पण झालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझं कामात लक्ष लागेना. नक्कीच धाराशिवला गेला असणार, वकील गाठला असणार. दारात पाऊल वाजलं की मी ड्रॉवरला कुलूप लावायचो. शेवटी मला राहवेना. तिसऱ्या दिवशी एक वाजता कुलूप लावलं, ती उशी काखेत मारली आणि आण्णांचं घर गाठलं. सांगायला निमित्त उशीचं होतं. खरं म्हणजे पाय धरायला चाललो होतो.

आण्णा ओसरीवर बसून शेळीला लिंबाचा डहाळा चारत होते. तीनच दिवसांत माणूस वाळला होता. मला बघून उठले नाहीत.

"बस, बाळ्या."

"आण्णा, उशी राहिली होती."

"हं."

मी बसलो. शेळीनं डहाळा संपवला. मग ते शेळीकडंच बघत म्हणाले, "काढलंस व्हय तिला?"

मी तयार करून आणलेली सगळी वाक्यं विसरलो. "चूक झाली होती आण्णा. मुद्दाम नव्हतं केलं. दर वर्षी मागचंच उतरवतो, त्यात नाव तसंच राहिलं. तुम्ही तक्रार केली तर माझी नोकरी जाईल. मुलगी बारावीला आहे."

"तक्रार?" आण्णांनी आता माझ्याकडं बघितलं. "तक्रार कशापायी करू?"

"नकला मागितल्या ना तुम्ही."

ते आत गेले, तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि परत बसले.

"पयल्या सभेला म्या बी आलतो. ठावं हाय का?"

"बुंदी खायला," मी म्हणालो. तोंडातून गेलं.

"व्हय, बुंदीपायीच. सभासद ती हुती, म्या आपला मागं बसलेलो. तिला बोलायचं हुतं त्या दिवशी. चाळणीवरच्या बायकांना प्यायला पाणी न्हाय, कंपनीनं एक टाकी बसवावी, एवढंच. घरात दोन दिस घोकत हुती. मला म्हणायची, आयका हो, असं म्हणू का तसं म्हणू. चेअरमननी इचारलं, कुणाला काय बोलायचं हाय का. तर उभी ऱ्हायली. तोंड उघडलं. आन् म्या मागनं वराडलो, बस खाली, तुला काय कळतंय. एवढ्या माणसांत." आण्णांनी शेळीच्या पाठीवरचा पाला झटकला. "बसली की मुकाट. घरी आल्यावर बी काय बोलली न्हाय. त्या एसटीच्या दंडाला हसली हुती, ह्याला न्हाय हसली. पुन्हा कंदी सभेत उठली न्हाय ती."

मला तो आवाज आठवला. त्या दिवशी सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

"मग तुझी वही बघितली. सभासद झालो तवा म्हणलं, बघू तिचं नाव कुठं कुठं हाय. तर हितं लिवलेलं, कौसाबाईनं उभं राहून अनुमोदन दिलं. म्हणलं, आरं, ही तर गेल्यावरची सभा हाय. पुढल्या साली पुन्हा बघितलं. पुन्हा उभी. यंदा बी उभी. तिला बस म्हणणारं कुणी न्हाय तिथं."

"पण आण्णा, ते खोटं आहे. मी नुसतं उतरवलंय."

"खोटं हाय ते मला कळत न्हाय व्हय?" आण्णा एकदम तपासनिसाच्या आवाजात ओरडले, शेळीसुद्धा बिचकली. "जल्मभर दुसरं काय केलं म्या? पयल्याच दिवशी धरला हुता तुला. तीस वर्षांत एक बी केस सोडली न्हाय. बायकोची न्हाय सोडली. ही एक सोडली."

माझ्याच्यानं मान वर करवेना.

"मग नकला?"

"कचेरीत दोनच तास मिळत्यात रं," ते म्हणाले. "बाकीचा दिवस लई मोठा असतो. आन् रविवारी तर तुमची कचेरी बंद."

मी कचेरीत परत गेलो. चिठ्ठ्यांच्या ढिगाखालून जुनी पानं काढली आणि फायलीत ओवली. चेअरमनच्या भावजयीला बाहेर काढलं. मग तिन्ही पानांच्या नकला काढल्या, प्रत्येकीवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आणि खाली माझं नाव, हुद्दा आणि सही केली. माझ्या खोटेपणाचा माझ्याच सहीचा पुरावा. दोनदा पेन खाली ठेवलं, खोटं कशाला बोलू. पण सात कामाच्या दिवसांतला तो शेवटचा दिवस होता, आणि कायदा मला नीट शिकवलेला होता. संध्याकाळच्या आत नकला ओसरीवर पोचवल्या. आण्णांनी तीन पानांचे तीस रुपये काढून दिले आणि म्हणाले, "पावती." पावती घेतल्याशिवाय मला उठू दिलं नाही.

चेअरमनला फोनवर सांगितलं की आण्णा तक्रार करणार नाहीत. ते म्हणाले, "लेखी घे." मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दारात चपला निघाल्या, भिंतीला समांतर लागल्या.

"दाखवा."

मी फाईल टेबलावर आपटली, नेहमीसारखी. आण्णांनी पान सत्तेचाळीस काढलं. डाग जागेवर होता. त्याच्या वरच्या ओळीखाली बोट ठेवून ते बराच वेळ बसले, मग बाकीचं वाचत राहिले. मी उगाच मान खाली घालून कागद इकडचे तिकडं करत होतो. एक वाजता चष्मा उतरला, उशी काखेत गेली, आणि अर्ध्या पानाची चिठ्ठी टेबलावर आली.

"येतो रं, बाळ्या."

ते फाट्यापर्यंत पोचल्यावर मी चिठ्ठी उलगडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर एकच ओळ होती. 'तपासले. दोष आढळला नाही.'

तिच्या मागं मी किराणा लिहिला नाही.